करड्या रंगातला भुईमूग

यान मास्तरांनी आयुष्यभर मेलेल्या माणसांची चित्रं काढली आणि त्यातल्या एकानेही कधी तक्रार केली नाही. तक्रार करायचे ते नातेवाईक. आजोबांचं नाक एवढं मोठं नव्हतं, आजी एवढी रागीट नव्हती. मग मास्तर नुसता फोटो पुढे करायचे. फोटोत नाक तेवढंच असायचं आणि आजी चित्रापेक्षा जास्त रागीट असायची. लुकांग गावच्या जुन्या गल्ल्यांतल्या निम्म्या घरांत देव्हाऱ्याच्या बाजूला मास्तरांच्या हातची करडी माणसं अजून भिंतीवरून खाली बघत बसली आहेत.

पुढे फोटो मोठे करून देणारी यंत्रं आली आणि मेलेली माणसं चहा पिऊन होईपर्यंत तयार व्हायला लागली. मास्तरांनी कोळशाची पूड बांधून माळ्यावर टाकली आणि तरुणपणी शिकलेल्या तैलरंगांची पेटी खाली काढली. तोवर गावातल्या तरुण मंडळींनी लग्न करायचं सोडून कुत्री-मांजरं पाळायला घेतली होती. त्यांना आपल्या लाडक्यांची हुबेहूब चित्रं हवी असायची, त्यामुळे मास्तरांचं बरं चाललं.

मास्तरांची पद्धत त्यांच्या गुरूची होती आणि गुरू ती जपानात शिकून आला होता. आधी सगळं चित्र करड्या रंगात पुरं करायचं, केस न् केस, मिशी न् मिशी, उजेड, सावली, सगळं. ते खडखडीत वाळलं की त्यावर जवसाच्या तेलात पातळ केलेल्या रंगाचा एक हात द्यायचा, फिक्या चहाइतका पातळ. तो वाळला की दुसरा. आधी पिवळी माती, मग भाजकी तांबडी माती, मग जिथे जशी गरज पडेल तसं. खालचं करडं प्रत्येक हातातून वर डोकावत राहतं आणि शेवटी मांजराच्या अंगावरून हात फिरवावासा वाटतो. मात्र घाई करायची सोय नाही. ओल्यावर हात दिला की खालचा रंग उठून येतो आणि सगळ्याचा चिखल होतो. लुकांगला समुद्र जवळ, हवा कायम दमट, तिथे धुतलेला पायमोजा वाळत नाही तर तैलरंग काय वाळणार. गिऱ्हाइकं वैतागायची. मास्तर त्यांना सांगायचे की मेलेलं मांजर कुठे पळून जात नाही. मांजर जिवंत असेल तर म्हणायचे, मग घाई कशाला?

आमानचा कुत्रा जिवंत होता. आमान गल्लीच्या तोंडाशी तीळ लावलेली लांबट बिस्किटं भाजून विकायची. पाचवी मुलगी झाली तेव्हा आईबापांनी हे नाव ठेवलं, आमान, म्हणजे भरलं, आता पुरे. आमानने ते कधी मनावर घेतलं नाही. तिला कुठलीच गोष्ट पुरेशी वाटायची नाही, ना भट्टीची आच, ना गिऱ्हाइकांची अक्कल, ना नवऱ्याची, तो होता तेव्हा. कुत्र्याचं नाव होतं भुईमूग. तांबूस रंगाचा, आखूड केसांचा, एक कान मुडपलेला, आणि आता इतका म्हातारा की उठण्याआधी तो बराच वेळ विचार करायचा आणि बहुतेक वेळा बेत रद्द करायचा.

आमानला त्याचं चित्र त्याच्या हयातीतच हवं होतं. तिचं म्हणणं, मेल्यावर काढलेलं चित्र बघून रडू येतं, जिवंतपणी काढलेल्याची आधीच सवय झालेली असते.

खरं तर एका फोटोवर काम भागलं असतं. गिऱ्हाइकाच्या कामासाठी मास्तरांनी कधी कुणाला समोर बसवलं नव्हतं. त्यांच्या धंद्यात ते शक्यही नव्हतं. पण आमानला त्यांनी तोंडाची रेषही न हलवता सांगितलं की जिवंत जनावराच्या केसांचा वळसा रोज बदलतो, तेव्हा त्याला रोज दुपारी घेऊन यावं लागेल. ही शुद्ध थाप होती. बायको गेल्यापासून मास्तरांच्या घरात दुपारी कुणी बोललं नव्हतं आणि त्यांना आमानचा आवाज आवडायचा, ती रागावलेली असताना जास्तच. आमान भट्टी विझवून कुत्र्याला बाबागाडीत घालून आणायची, तुटक्या बिस्किटांची पिशवी टेबलावर ठेवायची, आणि मग मास्तरांच्या केरकचऱ्यापासून गल्लीतल्या नव्या दिव्यांपर्यंत सगळ्याची खरडपट्टी काढायची. मास्तर कॅनव्हासच्या आडून हं हं करायचे. अर्धवट चित्र ते कुणाला दाखवत नसत, त्यामुळे चित्र कुठवर आलंय हे तिला कळायचं नाही आणि मास्तरांना ते कुठेही न्यायची घाई नव्हती.

शेजारी चिनफाचं दुकान होतं. तो मयताबरोबर जाळायची कागदी घरं बनवायचा, हल्ली कागदी मोटारी आणि कागदी फोनही. त्याने एकदा मास्तरांना विचारलं की एवढ्या वेळात माणसाचं अख्खं खानदान रंगवून झालं असतं, हा एक कुत्रा कसा संपत नाही? मास्तर म्हणाले, केस फार आहेत. चिनफाने कुत्र्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे बघितलं, आणि कागदी मोटारीला चाकं चिकटवायला निघून गेला.

आता मास्तरांच्या खोलीत ऊन येणारी भिंत एकच. त्या भिंतीवर जुन्या धंद्यातले उरलेसुरले लोक टांगलेले होते. चित्र करायला सांगून वारस आपापसात भांडले आणि न्यायला कुणी आलंच नाही, असे. एक निवृत्त हेडमास्तर, एक मासळीवाली आजी, दोघं जुळे भाऊ. भुईमुगाचं करडं काम पुरं झालं तेव्हा मास्तरांनी हेडमास्तरांना जरा सरकवून, त्यांच्या आणि आजीच्या मधल्या खिळ्यावर कॅनव्हास वाळायला लावला. आमान यायच्या आत तो उतरवायचा, एवढं ठरलेलं होतं.

त्या दिवशी आमानच्या भट्टीचा गॅस संपला. मास्तर मागच्या मोरीत ब्रश धूत होते. हात पुसत बाहेर आले तर आमान भिंतीसमोर उभी, आणि बाबागाडीतून भुईमूगही वर बघतोय.

करडं चित्र कुणाचं लावतात, हे लुकांगमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"हा माझा कुत्रा आहे का?" आमानने विचारलं.

"हो. अजून रंग द्यायचेत."

"ह्याला कुठे टांगलंय तुम्ही?"

मास्तरांनी भिंतीकडे नीट बघितलं. मग खरं तेच सांगितलं. "उन्हात."

 आमान रागावूनही ओरडली नाही, असं मास्तर पहिल्यांदाच बघत होते. तिने बाबागाडी वळवली आणि बिस्किटांची पिशवी तशीच हातात घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भुईमुगाने भाताला तोंड लावलं नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, पण फांदी मोडल्यावर कावळ्याचं कोण ऐकून घेतो. दुपारपर्यंत गल्लीभर झालं की यान मास्तरांनी जिवंत कुत्र्याला मेलेल्यांच्या रांगेत बसवलं. आमान देवळात गेली. तिने देवीसमोर कौल घ्यायचे लाकडी ठोकळे टाकले आणि विचारलं, माझा कुत्रा वाचेल ना? ठोकळे दोन्ही उताणे पडले, म्हणजे देवी हसली. आमानने पुन्हा टाकले, देवी पुन्हा हसली. हसण्यासारखं काय होतं हे देवीने सांगितलं नाही. आमानने अंगारा आणला आणि भातात कालवला. अंगाऱ्याचा भात भुईमूग काय, कुणीच खाल्ला नसता.

मग ती मास्तरांच्या दारात आली, उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली आणि म्हणाली की चित्राला रंग द्या. सातवा महिना तोंडावर आलाय. पाताळाची दारं उघडणार, भुकेले आत्मे महिनाभर गल्लीबोळांतून फिरणार, आणि त्यांना इथे माझा कुत्रा करडा दिसणार. ते त्याला आपल्यातलाच समजतील आणि घेऊन जातील.

मास्तरांनी समजावलं की करड्यात पांढरा रंग असतो, पांढरा सगळ्यात सावकाश वाळतो, आणि ही हवा अशी. आज हात दिला तर चिखल होईल.

"चिखल तर चिखल," आमान म्हणाली. "तांबडा चिखल करा."

इथे मास्तरांनी मान डोलावली असती तर गोष्ट मिटली असती. पण माणसाला एखाद्या गोष्टीचा ताठा असतो आणि मास्तरांना नेमका ह्याच गोष्टीचा होता. ते म्हणाले, ओल्यावर मी हात देत नाही. आमान म्हणाली, मग मी इथे पाऊल ठेवत नाही. दोघंही बोलल्याप्रमाणे वागले, कारण दोघंही त्याच वयाचे होते ज्या वयात माणसाला बोललेलं मागे घ्यायला लाज वाटते.

दुपार आली आणि तशीच गेली. मास्तरांनी कॅनव्हास भिंतीवरून उतरवून खिडकीशी ठेवला. त्यांनी स्वतःला बजावलं की कुत्रा म्हातारा आहे, म्हातारी कुत्री खात नाहीत, ह्यात रंगाचा काय संबंध. पण त्यांना भीती सोडत नव्हती आणि तिला कारण होतं. बायको दवाखान्यात असताना तिने हट्ट धरला होता की माझं चित्र मी असतानाच काढा, तुम्ही माझी हनुवटी नेहमी चुकवता. त्यांनी काढलं. तिने हनुवटी दोनदा दुरुस्त करून घेतली आणि पसंत केली. दोन दिवसांनी ती गेली. मूत्रपिंडं निकामी झाली होती, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, चित्राने माणूस मरत नाही हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यानंतर जिवंत माणसाचा चेहरा त्यांनी कधी करड्यात उतरवला नव्हता. कुत्र्याच्या बाबतीत हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही, आणि आता दुसरं काही डोक्यात येत नव्हतं.

चिनफा सहानुभूतीने डोकावला. म्हणाला, मास्तर, वाईट वाटून घेऊ नका, पण वेळेवर धावपळ नको म्हणून मी एक छोटं कागदी कुत्र्याचं घर करून ठेवू का? मास्तरांनी त्याच्या तोंडावर दार लावलं. शेजारधर्म पाळायचा म्हटलं तरी त्याला काही हद्द असते.

दार लावल्यावर समोर आला तो आरसा. मास्तर त्यात बराच वेळ बघत राहिले. मग कॅनव्हासकडे गेले. भुईमुगाच्या उजव्या बाजूला मोकळी जागा होती, तिथे ते शेवटी गडद सावली देणार होते. त्यांनी करडा रंग कालवला.

मास्तरांनी स्वतःला काढलं. सकाळच्या उजेडात, आरशात बघत, कसलीही दयामाया न दाखवता. पिशव्या आलेले डोळे, बसलेले गाल, कानातले केस. कुत्र्याच्या बरोबरीने पण जरा पुढे, म्हणजे दारातून आत येणाऱ्याची नजर आधी त्यांच्यावर पडावी. काम उत्तम झालं होतं. इतक्या वर्षांच्या सवयीने हाताने चोख मयत माणूस उतरवला होता, आणि तो बघताना मास्तरांच्या अंगावर काटा आला.

मग त्यांनी चिनफाकडून आमानला निरोप पाठवला की चित्रात बदल केलाय, बघून जा. चिनफाने तो निरोप नेताना त्याचं काय केलं कोण जाणे, पण आमान पिठाच्या हातांनी, भुईमुगाला काखोटीला मारून, धापा टाकत आली आणि उंबरा ओलांडून थेट आत शिरली.

तिने चित्र बघितलं.

"हे कोण?"

"मी."

"तुम्ही कशाला तिथे?"

"नेणारे आले तर त्यांना आधी मी दिसेन," मास्तर म्हणाले. "कुत्र्यापेक्षा आकाराने मोठा आहे. आणि सोबतीला असलेलं बरं."

आमानचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला आणि मग भट्टीसारखा लाल. ती म्हणाली की एका म्हाताऱ्याची काळजी करून मी अर्धी झाले, आता दोघांची करू? अक्कल गहाण टाकलीत का? तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये तोंड घालायला? मास्तर खाली मान घालून ऐकत होते. त्यांना भीती वाटत होती आणि बरंही वाटत होतं, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. त्यांच्या थोबाडावरून दाद मिळत नाही म्हटल्यावर आमानने चित्रावर मोर्चा वळवला.

"आणि चित्र तरी धड आहे का? ह्याचा गाल बघा. चुकलाय. ह्याचा गाल असा सपाट आहे का?"

मास्तर बाकी सगळं ऐकून घेत, हे नाही. "गाल चुकलेला नाही."

"माझा कुत्रा मला माहीत नाही?"

तिने भुईमुगाला उचलून चित्राच्या शेजारी धरलं. मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. चित्रातला गाल सपाट होता. हातातल्या कुत्र्याचा त्याच बाजूचा गाल सुपारी धरल्यासारखा फुगला होता. मास्तरांनी दुसरी बाजू बघितली, तिथे दोघं सारखे होते. त्यांनी बोट पुढे केलं तसा भुईमूग गुरगुरला. आयुष्यात पहिल्यांदा.

आमान तशीच कुत्र्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे धावली. दाढ किडली होती, मुळाशी पू झाला होता. डॉक्टरने ती काढली, औषध दिलं आणि विचारलं की ह्याच्या जिभेवर ही राख कसली? आमान म्हणाली, हवेतून आली असेल.

भुईमूग दोन दिवसांत मऊ भात खायला लागला, तिसऱ्या दिवशी त्याने चिनफाच्या कागदी मोटारीचं एक चाक खाल्लं.

सातवा महिना लागायच्या आदल्या दुपारी आमान नेहमीच्या वेळी आली. बाबागाडी, बिस्किटांची पिशवी, सगळं पूर्वीसारखं. मास्तरांनी टेबलावर पिवळी माती तेलात कालवून ठेवली होती. कुत्र्याचं करडं आता खडखडीत वाळलं होतं. त्यांनी बोटाची मागची बाजू लावून बघितलं होतं, जराही चिकटलं नव्हतं. त्यांनी जरा मोठेपणाने सांगितलं की आज पहिला हात देतो, म्हणजे उद्या ह्याला कुणी करडा म्हणणार नाही. दाढेची भानगड होती हे आता सिद्धच झालंय, तेव्हा करड्या रंगाचा काही दोष नव्हता, पण तुमच्या समाधानासाठी देतो. एवढं बोलून त्यांनी ब्रश उचलला आणि भुईमुगाच्या कपाळाकडे नेला.

आमानने त्यांचं मनगट धरलं.

"आधी तुमचं."

मास्तरांना वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. "माझं ओलं आहे अजून."

"उद्या सातवा लागतोय."

"आमानबाई, कुत्र्याची दाढ होती. दाढ. तुम्ही डोळ्यांनी बघितलीत."

"त्याची दाढ होती. तुमच्या तोंडात दोष द्यायला दात तरी उरलाय का?"

 मास्तर म्हणाले की ओल्यावर हात दिला तर काय होतं हे त्यांनी तिला सांगितलंय. चेहरा जाईल. तो चेहरा त्यांना चांगला जमलाय, इतका चांगला त्यांनी कुणाचा काढला नाही. थोडं थांबायचं, हवा कोरडी झाली की...

"चांगला आहे, ते दिसतंय मला," आमान म्हणाली. मनगट तिने सोडलं नव्हतं आणि तिचा आवाज नेहमीपेक्षा लहान झाला होता. "माझ्या घरात भिंतीवर एक आहे, तुम्हीच काढलेला. तोही चांगलाच आहे. रोज सकाळी त्याच्यासमोर उदबत्ती लावते आणि त्याच्याशी बोलते, आणि तो हं सुद्धा म्हणत नाही. मला दुसरा नको."

बाबागाडीत भुईमूग घोरत होता. मास्तरांनी आमानच्या हाताकडे बघितलं, कॅनव्हासवरच्या आपल्या करड्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यातला डाव्या डोळ्याखालचा उजेड त्यांना फार सुरेख साधला होता.

तिने मनगट सोडलं. मास्तरांनी ब्रश पिवळ्या मातीत पुन्हा बुडवला आणि जन्मात पहिल्यांदा ओल्यावर हात दिला. करडं लगेच उठून आलं. गाल ओघळला, नाक बाजूला सरकलं, डोळ्याखालचा उजेड पिवळट राडीत बुडाला. त्यांच्या गुरूने हे बघितलं असतं तर ब्रश हिसकावून घेतला असता. आमान वाकून अगदी जवळून बघत होती. तिने खुर्ची ओढून घेतली आणि बसली.

"कान राहिले," ती म्हणाली.

मास्तरांनी कानही रंगवले.